सांगायचा भाव

८ मे २०२३, सोमवार, वागे

सूनबाईंना दुकान फोनमध्ये घालायचं आहे.

तेम्पे वाढता वाढता वेनिंगने विषय काढला. "इबू, लग्नांचा महिना सहा आठवड्यांवर आला. त्याआधी ऑनलाइन दुकान उभं करू. मी करते सगळं. तुम्ही फक्त कापडं काढून द्या आणि किमती सांगा."

फक्त किमती! बेचाळीस वर्षं मी सोलो शहराच्या या गल्लीत हाताने काढलेलं बाटिक विकते आहे. कुठलं कापड मला केवढ्याला पडतं आणि मी केवढ्यापर्यंत उतरते, हे माझ्या नवऱ्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही, आणि तो चांगला माणूस होता. हिला घरात येऊन दोन वर्षं झाली. सुराबायाची मुलगी. तिकडचे लोक तोंडावर बोलतात आणि त्यालाच प्रामाणिकपणा समजतात.

संध्याकाळी बाताम बेटावरून दामारचा फोन. "आई, तिला करू दे ना." जहाजांच्या कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या मुलाला अचानक बाटिकची काळजी. कुणी पढवलं, ते विचारायची गरज नव्हती.

मी हो म्हटलं. गेल्या आठवड्यात तीन दिवस दुकानात भवानीसुद्धा झाली नाही, म्हणून. पण डोळे उघडे ठेवून म्हटलं.

१२ मे, शुक्रवार, पॉन

खिडकीशी चटई टाकून वेनिंग फोटो काढते आहे. आधी सबंध कापड, मग पदर, मग इतकं जवळून की मेणाचा एकेक ठिपका दिसावा.

"एवढ्या जवळून कशाला?"

"गिऱ्हाइकाला हात लावता येणार नाही ना, इबू. निदान डोळ्यांनी तरी चाचपू दे."

उत्तर तयार होतं. तयार उत्तरांचा मला संशय येतो. असला एक फोटो छापील कापडवाल्यांच्या हाती लागला, की पंधरा दिवसांत तीच नक्षी यंत्रावर छापून बाजारात ढिगाने येते. ती गेल्यावर मी कापडं मोजली. सगळी होती. फोटो मात्र मोजता येत नाहीत.

दुपारी समोरच्या दुकानातली बू लान्जार दारात उभी. "काय बू मुर्ती, दुकान फोनमध्ये जाणार म्हणे? मग तुम्ही कुठं बसणार, चार्जरवर?" आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसली.

चार दिवसांत हिला कसं कळलं? घरातलं बाहेर जातं आहे.

१ जून, गुरुवार, पॉन

म्बोक गियेमचा, माझ्या बाटिक काढणाऱ्या म्हातारीचा दिवस. गुरुवार आणि आमच्या पाच वारांच्या बाजार-आठवड्यातला पॉन एकत्र आले, म्हणजे दर पस्तिसाव्या दिवशी, ती मातेसिहच्या पुढच्या डोंगराखालून दोन बस बदलून येते. चौतीस वर्षांत बाळंतपणाची नाही तर मरणाचीच सुट्टी, तीही दुसऱ्या कुणाच्या. येते, दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर बसते. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर कधी बसत नाही. सांगावं लागलं नाही.

आज दोन कापडं आणली. एक त्रुंतुम, नवरीच्या आईबापांनी नेसायचं, काळ्या जमिनीवर बारीक चांदण्या. सत्तरीतल्या हाताने काढलेल्या चांदण्या, आणि एकही थरथरलेली नाही. असं काम आता गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नाही. लोक ते बघायला माझ्याकडे येतात आणि परवडेल असं दुसरं काहीतरी घेऊन जातात. मी स्वतःशी खोटं बोलत नाही: म्बोक येते तोवर हे दुकान आहे, नाही तर हे गल्लीतलं आणखी एक दार.

"अकरा लाख रुपिया, म्बोक. दुसऱ्याचे नऊ."

"जी, बू."

संपलं. ती नेहमी 'जी'च म्हणते. म्हणूनच आमचं कधी वाजलं नाही.

वेनिंगने तिच्या हातांचे फोटो काढले. म्हातारी लाजून हात पदराखाली घेत होती. बरोबर नात आली होती, तुतिक, कापडगिरणीत शिवणकाम करते. वेनिंगने तिचा फोन घेऊन त्यात काहीतरी लिहून दिलं. "दुकान सुरू झालं की आजीचे फोटो इथे दिसतील हं," असं काहीसं. मग दोघी कुजबुजून हसत होत्या. मी गेले तेव्हा थांबल्या.

५ जून, सोमवार, पाहिंग

किमतींची यादी दिली.

सबंध यादी सांगायच्या भावाने दिली. म्बोकचं त्रुंतुम: अठ्ठेचाळीस लाख. दुकानात मी अठ्ठेचाळीस म्हणते, समोरची छातीला हात लावते आणि पंधरा म्हणते. मी हसते. ती माझ्या केसांची स्तुती करते. मी उतरते, ती चढते, मग ती उठून चालायला लागते, मी हाक मारते, आणि चोवीसच्या आसपास दोघीही लुबाडल्यासारखा चेहरा करून मोकळ्या होतो. पहिल्या भावाने इथे कुणीही काही घेत नाही. शेंबड्या पोरालाही हे कळतं.

वेनिंग लिहिता लिहिता थांबली. "इबू, हे शेवटचे भाव ना? इथे घासाघीस करता येत नाही. जो लिहू तोच द्यावा लागतो."

"लिही."

"पण मग खरा भाव..."

"वेनिंग, किंमत म्हणजे किंमत."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं. खरा भाव! शेवटी आलीच मुद्द्यावर. हेच तर हवं होतं तिला पहिल्या दिवसापासून. मी ताकास तूर लागू दिली नाही.

१४ जून, बुधवार, लेगी

दुकान सुरू. म्हणजे कुलूप नाही, फळ्या नाहीत, झाडलोट नाही, आणि म्हणे सुरू. वेनिंगने फोन पुढे केला. म्बोकचे हात, खाली तिचं नाव आणि गाव, खाली त्रुंतुम, खाली अठ्ठेचाळीस लाख. ठळक अक्षरात. माझ्या तोंडून रोज निघणारा आकडा, पण असा लिहिलेला पाहून चमत्कारिक वाटलं. बोललेलं विरून जातं.

१७ जून, शनिवार, वागे

त्रुंतुम गेलं. अठ्ठेचाळीस लाखांना.

जकार्तामधली कुणी बाई. नाव कळलं, पत्ता कळला, एक शब्द बोलली नाही. बोट दाबलं आणि घेतलं. मला वाटलं, चोरीचं कार्ड असणार. बँकेत पैसे दिसेपर्यंत कापड हलवू दिलं नाही. पैसे आले.

भवानीच्या नोटा आम्ही मालावर टेकवतो, दिवस चांगला जावा म्हणून. नोटा नव्हत्या. वेनिंगचा फोनच घेऊन गठ्ठ्यांवर टेकवला. ती हसली. मी नाही.

आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण जी घासाघीस करत नाही तिचा काय भरवसा? तिला कापडातलं काही कळत नाही, किंवा फार कळतं. नक्षी उचलणाऱ्यांपैकी तर नव्हे?

जेवताना वेनिंग म्हणाली, "इबू, यातलं थोडं म्बोकलाही द्यायला हवं ना?"

"कापड मी विकत घेतलं होतं. पुढचं नशीब माझं."

"जी, इबू."

सुराबायाची मुलगी 'जी' म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा. नीट वागायला शिकते आहे की काही लपवते आहे, कळेना.

६ जुलै, गुरुवार, पॉन

म्बोक आली नाही.

दहा वाजेपर्यंत मी बस चुकली म्हटलं, बारापर्यंत पाऊस म्हटलं. पाऊस नव्हता. एक वाजता वेनिंग फोन घेऊन आली. तुतिकचा निरोप: आजीला आता दिसत नाही, तिने मेणाचं काम सोडलं, बू मुर्तींनी इतकी वर्षं सांभाळून घेतलं, फार उपकार, चूकभूल पोटात घालावी.

गेल्या खेपेला याच बाईने माझ्या सुईत पहिल्या फटक्यात दोरा ओवून दिला होता.

आणि निरोप वेनिंगच्या फोनवर का? माझा नंबर चौतीस वर्षं तोच आहे. बरं, बू लान्जारच्या दुकानात दुपारी कुणी बाई गाठोडं घेऊन शिरली. मी चष्मा लावेपर्यंत दार अर्धं लोटलं होतं.

८ जुलै, शनिवार, क्लिवोन

सुट्ट्या नोटा मागायच्या निमित्ताने समोर गेले. बेचाळीस वर्षांत त्या दुकानात मी चारदा गेले असेन, त्यातल्या दोनदा मयताचा निरोप द्यायला.

"या या! तुम्हाला आणि सुटे? अठ्ठेचाळीस लाखांच्या बाईंना?" बू लान्जारने स्टूल पुसलं. "मी तर चष्मा दोनदा पुसून पाहिलं."

"सांगायचा भाव आहे तो."

"आम्हाला कळतं हो. सगळ्या गल्लीला कळतं." सुपारी कातरत राहिली. "गल्लीबाहेरच्यांना कळतं का, ते तुम्ही बघा."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. चहा घेणार?"

मी तिच्या कपाटांवरून नजर फिरवली. म्बोकचं काम मी अंधारातही ओळखेन. नव्हतं. म्हणजे आत ठेवलं असणार. आणि ते गल्लीबाहेरचं काय ते मुद्दाम बोलली, माझं लक्ष दुसरीकडे वळवायला. जुनी खोड.

१३ जुलै, गुरुवार, क्लिवोन

आज वेनिंगला समोर बसवलं आणि विचारलं. मी वळसे घेत नाही.

"म्बोकला कुणाकडे वळवलंस? तिचा निरोप तुझ्या फोनवर येतो. तिच्या नातीशी तुझी कुजबूज. त्या लान्जारला आपल्या घरातलं सगळं ठाऊक असतं."

"बू लान्जारना तुम्हीच सांगता, इबू. दुकानातून फोनवर बोलता तेव्हा सबंध गल्ली ऐकते." ती पांढरी पडली होती, पण थांबली नाही. "आणि म्बोकचे डोळे ठणठणीत आहेत. तिने किंमत पाहिली. मीच तुतिकला दुकान दाखवलं होतं, हातांचे फोटो बघायला. फोटोखाली अठ्ठेचाळीस लाख. तिला अकरा मिळाले होते."

"त्या भावाने कुणी घेत नाही!"

"घेतलं, इबू. एकीने घेतलं. तेही तिथेच लिहून येतं, 'विकलं' म्हणून."

मी चटईची सुरकुती सरळ केली.

"मी विचारलं होतं तुम्हाला, खरा भाव कुठला. तुम्हाला वाटलं, मी चोर आहे."

"तुला उलट बोलायला सांगितलं नव्हतं."

ती उठून भांडी घासायला गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

इथे खरं लिहायचं, असा माझा नियम आहे. तेव्हा लिहिते. तिच्यावर माझा संशय होता म्हणून मी सांगायचा भाव दिला. तो भाव लिहिला गेला म्हणून म्बोक गेली. मधे दुसरं कुणी नाही. जोगजाच्या कॉलेजात चार वर्षं अर्थशास्त्र शिकले होते मी.

तरी एवढं आहे, की वेनिंगने तुतिकला दाखवायला नको होतं.

१६ जुलै, रविवार, पॉन

गावाला जाऊन आले. एकटी. साखर, चहा आणि एक पाकीट घेतलं. पाकिटात सात लाख.

चौतीस वर्षांत मी तिच्या घरी पहिल्यांदाच जात होते. पत्ता विचारत जावं लागलं. पोरंसुद्धा सांगत होती, "बाटिकवाल्या आजीचं ना? वासावरून जा." खरंच, मेणाचा वास वाटेपर्यंत आला होता. काम सोडलेल्या बाईच्या घरातून, ताज्या मेणाचा.

ओसरीवर बांबूच्या घोडीवर कापड होतं. मला पाहून तुतिकने त्यावर चादर टाकली. म्बोक गियेम लगबगीने आली, दोन्ही हातांत माझा हात घेतला, तळलेला कसावा ठेवला, गोड चहा ठेवला. बोटांना मेण लागलेलं. मी पाहिलं हे तिने पाहिलं.

"डोळे कसे आहेत, म्बोक?"

"वय झालं, बू."

"हं."

कसावा छान होता. पाऊसपाणी झालं. दामारची चौकशी झाली. मग मी म्हटलं, "म्बोक, फोनवर जी किंमत दिसते ती नुसती सांगायची असते. तेवढी कुणी देत नाही."

"जी, बू. मला ठाऊक आहे की." ती अगदी मऊ आवाजात बोलत होती. "दाराशी बसून चौतीस वर्षं ऐकते आहे. तुम्ही अठ्ठेचाळीस म्हणता, ती पंधरा म्हणते, तुम्ही हसता. मग ती उठते. इतकी मजा येते ऐकायला, की कधी कधी मी बस सोडून देते."

"मग?"

"मला तुम्ही अकरा म्हणता, मी जी म्हणते. तेवढ्यात चहासुद्धा निवत नाही."

तुतिक मधेच म्हणाली, "गिऱ्हाइकाला निम्मं म्हणायची सोय आहे, बू. आजीला नाही."

"हूश! चहा ओत त्यांना." म्बोकने नातीला दटावलं, पण 'तसं नाही' असं म्हणाली नाही. मी थांबले होते त्यासाठी.

मी म्हणू शकले असते, की तूच कधी बोलली नाहीस. पण दुकानमालकिणीशी भाव करायचा नसतो, आमच्याकडे ती रीत नाही, आणि ती रीत मला सोयीची होती. तेव्हा ते वाक्य मी कसाव्याबरोबर गिळलं. उठताना पाकीट चहाच्या तबकाखाली सरकवलं. निघताना तिने केळ्यांचा घड पिशवीत घालून दिला. नको म्हटलं तरी ऐकेना.

घरी येऊन केळी काढली. तळाशी माझं पाकीट. उघडलेलंसुद्धा नव्हतं.

१९ जुलै, बुधवार, लेगी

सुरो महिना लागला. लग्नं बंद, गल्ली ओस.

सकाळी वेनिंगला म्हटलं, "वही घे." मग एकेका गठ्ठ्यापुढे उभी राहून सांगत गेले: पडतं केवढ्याला, उतरते कुठवर. म्बोकचं, दुसऱ्यांचं, सगळं. माफी मागितली नाही. मला ती नीट मागता येत नाही, आणि वाईट मागण्यापेक्षा न मागितलेली बरी.

ती लिहीत होती. एका पानाशी थांबली. "एवढंच सुटतं यात?"

"मग तुला काय वाटलं होतं?"

"मला वाटलं होतं, तुम्ही श्रीमंत आहात."

"गल्लीलाही तसंच वाटतं. वाटू दे."

संध्याकाळी तिने फोनवरच्या सगळ्या किमती बदलल्या. म्बोकचं उरलेलं कापड मी काढून ठेवायला लावलं. वही तिने आपल्या उशाशी नेली. ती उशाशी कशाला हवी, हे मी विचारणार होते. नाही विचारलं.

१० ऑगस्ट, गुरुवार, पॉन

मी तिची वाट पाहत नव्हते. उंबऱ्यावरची धूळ झाडत होते, इतकंच.

सवादहाला म्बोक गियेम गल्लीच्या तोंडाशी दिसली. एकटी, काखेत गाठोडं. माझ्या दुकानावर न थांबता समोर गेली, बू लान्जारच्या पायरीशी उभी राहिली, काहीतरी बोलली. चार मिनिटं. घड्याळ माझ्यासमोर होतं. मग रस्ता ओलांडून आत आली, स्टुलाला वळसा घातला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली.

गाठोडं सोडलं. सिदो मुक्ती, नवरानवरीने नेसायचं, मधासारखा तपकिरी रंग. मी हात लावला आणि लगेच मागे घेतला. आवडल्याचं दाखवू नये.

अकरा, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "केवढ्याला द्यायचं, म्बोक?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "चाळीस लाख."

वेनिंग घाईने कपाटामागे गेली.

"चाळीस! डोळे गेले असं ऐकलं होतं, म्बोक. डोकं गेल्याचं कुणी बोललं नाही."

"डोळे आले परत, बू. म्हणून तर भाव दिसला."

"बारा."

म्बोकने छातीला हात लावला. थेट माझ्या गिऱ्हाइकांसारखा, डाव्या बाजूला, जरा वर. "बारा तर नुसत्या मेणाचे झाले. पस्तीस. तुमचा अंबाडा आज सुरेख बसलाय."

"अंबाड्याचे पैसे देत नाही मी. चौदा."

अर्धा तास चाललं. तिने मला मधमाश्यांच्या पोळ्यापासून नवऱ्याच्या गुडघ्यापर्यंत सगळं ऐकवलं. मी तिला वेनिंगची वही ऐकवली. ती अठ्ठावीसवर आली, मग पंचवीसवर. मी सतरावर गेले आणि तिथे पाय रोवले. सतरा हा प्रामाणिक आकडा होता. जवळजवळ.

"सतरा हा शेवट, म्बोक."

"जी," ती म्हणाली. कापडाची घडी घातली, गाठोडं बांधलं आणि बाहेर पडली.

खरंच जाणारं माणूस कसं चालतं आणि हाकेसाठी चालणारं कसं, हे बेचाळीस वर्षांत मी नुसत्या पाठीवरून ओळखत आले. हाकेसाठी चालणारं पुढच्या दुकानाशी रेंगाळतं. ती रेंगाळली नाही. समोर बू लान्जार दारात उभी होती, नवं तोरण बघायला आल्यासारखी. म्बोकने तिच्याकडे मानही वळवली नाही. पाठ ताठ, पावलं मोजकी. त्या पाठीवरून मला काही कळेना.

"इबू," वेनिंग म्हणाली.

"गप्प बस."

कोपऱ्यावरच्या सायकलरिक्षावाल्याने तिच्यासाठी सीट झटकली. मी दारात गेले.

"म्बोक!"

पहिल्या हाकेला कुणी वळत नाही. वळलं तर भाव पडतो. हे तिला कुणी शिकवलं? वेनिंगवर माझं लक्ष आहे. म्हातारीने गाठोडं रिक्षात ठेवलं.

मला केवढ्याला पडतं, हे या गल्लीत कुणालाही ठाऊक नव्हतं. नवरा ते न कळताच गेला.

"वीस!" मी ओरडले. "म्बोक, वीस लाख!"

सगळी गल्ली थांबली. बू लान्जारचं तोंड उघडंच राहिलं. रिक्षावाल्यानेही ऐकलं.

म्बोक गियेमने रिक्षाच्या दांडीला धरून सावकाश मान वळवली. "एकवीस," ती म्हणाली. हळूच. पण आता गल्लीत इतकी शांतता होती, की मला स्वच्छ ऐकू आलं.